हिरव्या सायकलीवरचे ओरखडे

प्रिय टिल्लू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही धड आहोत, आणि काल दुपारी बाबांनी तिसऱ्यांदा चहा मागून माझं डोकं खाल्लंय. सहा फूट उंच माणसाला मी अजून टिल्लू म्हणते म्हणून सूनबाई हसेल. हसू दे तिला. फोन बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीला लागून असतो, आणि हल्ली त्यांचे कान इतके तिखट झालेत की स्वयंपाकघरात मी कुठला डबा उघडला ते त्यांना झाकणाच्या आवाजावरून कळतं. म्हणून पत्र. सावकाश वाच, आणि जमलं तर एकटा असताना वाच.

इकडची खबरबात अशी की आमचा सायकलींचा कारखाना शेवटी पाडला. फाटक आणि पाण्याची टाकी तेवढी उरलीय, बाकी सगळं सपाट. मंगळवारी औषधं आणायला त्या बाजूने गेले, तर रंगखात्याच्या जागी विटांचा ढीग, आणि ढिगातली एकेक वीट वेगळ्या रंगाची. सव्वीस वर्षं त्या भिंतींवर जे उडत होतं, ते. लहानपणी तू माझ्या हाताचा वास घेऊन नाक मुरडायचास आणि म्हणायचास, आईला थिनरचा वास येतो, आता जेवणही थिनरचंच असणार. माझं टेबल खिडकीपाशी होतं. जोडणीखात्यात ज्या सायकलींना ओरखडा पडायचा त्या सगळ्या माझ्यासमोर यायच्या. आमचा फोरमन म्हणायचा, गिऱ्हाईक सायकल चालवून बघतं ते नंतर, आधी रंग बघतं. पण ओरखडा म्हणजे नुसती कुरूप रेघ नव्हे, हेही मला त्यानेच शिकवलं. रंग गेला की लोखंड उघडं पडतं, उघड्या लोखंडाला दमट हवा लागली की गंज धरतो, आणि तो गंज रंगाच्या खालून सरकत जातो. वर सगळं चकचकीत आणि आत पोखरलेलं. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, बारीक पॉलिश पेपरने कडा घासायच्या, गंजाचा तांबूस ठिपकाही राहता कामा नये. मग स्पिरिटने पुसून प्रायमरचा हात. खळगा असेल तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं. मग रंग, अगदी पातळ, तीन-चार हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. शेवटी वॉर्निश. घाई केली की रंग ओघळतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. माझ्या टेबलावरून गेलेली एकही सायकल कधी परत आली नाही. निवृत्तीच्या दिवशी मला त्याबद्दल घड्याळ दिलं होतं, ते तुझ्या लग्नात हरवलं.

बाबा तेहतीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचत फिरले ते त्या बाटलीच्या रंगाच्या हिरव्या सायकलीवर. नोकरी संपली तेव्हा मला वाटलं आता हा माणूस घरात बसून माझं डोकं उठवणार. पण झालं उलटंच, ते बोलेनासे झाले. सकाळी साडेसातला तेवढे सायकल काढून निघायचे. वाचनालयात पेपर, मग पुलाच्या कठड्यावर जुन्या दोस्तांबरोबर बैठक, येताना भाजी, दहाला घरी. आल्यावर अर्धा तास तोंड चालायचं: कोण काय म्हणालं, कुणाच्या सुनेने कुणाला काय ऐकवलं. तो अर्धा तास मला फार लागायचा. मग दिवसभर ते खुर्चीत आणि मी माझ्या कामात. त्या अडीच तासांच्या जोरावर आमचा बाकीचा दिवस निघायचा म्हण ना.

सायकलीवर ओरखडे दिसायला लागून आता अडीच वर्षं होतील. पहिल्यांदा वाटलं, वाचनालयाच्या गर्दीत कुणीतरी आपली सायकल घासली असेल. पण दर चार-पाच दिवसांनी नवा, आणि प्रत्येक वेळी डाव्या बाजूला. मला ओरखडे वाचता येतात, तो माझा धंदाच होता. हँडलच्या मुठीच्या टोकाला पिवळा रंग लागलेला असला की तो शाळेच्या भिंतीचा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर काळी रेघ असली की ती वाचनालयाच्या फाटकाची. घरबसल्या मला कळायचं, आज हे कुठे घासले. मग एक दिवस धुवायच्या सदऱ्याच्या खिशात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली निघाली. औषधाच्या दुकानात दाखवली तर तो म्हणाला, काचबिंदूचं आहे, कुणाला झालाय? हा माणूस एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता आणि घरात तोंडाला कुलूप. दुकानदाराने मला समजावून सांगितलं की समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, बाजूचं विझत जातं, नळीतून बघितल्यासारखं. तेव्हा मला उमगलं की बारीक टायपातला पेपर घडाघडा वाचून दाखवणारा माणूस दाराच्या चौकटीला खांदा का आपटतो.

मी विचारलं नाही. तू म्हणशील, का नाही? मला वाटलं, विचारलं की त्यांना कबूल करावं लागेल, कबूल केलं की सायकल सोडावी लागेल, आणि सायकल गेली की माझा तो अर्धा तासही गेला. हे एक. दुसरं कारण लिहायला हात जड होतोय, पण आता लिहायचंच आहे. माझा हात रिकामा होता रे. निवृत्त झाल्यावर कुणाला माझ्या कामाची गरजच नव्हती. दुपारी बाबा आडवे झाले की मी मागच्या पडवीत सायकल घ्यायची, बुटाच्या खोक्यातून ब्रश काढायचे, हिरव्यात पिवळ्याचा थेंब टाकून जुन्या रंगाशी नेमकं जुळवायचं. उन्हात जुना हिरवा थोडा फिका पडलेला, तोही मी जुळवायचे. ब्रेकची तार जिथे घासते तिथे पारदर्शक चिकटपट्टी, भिंतीला टेकते तिथे जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, आणि वर मेणाचं पॉलिश. त्या दुपारी मी सुखात असायचे. नवऱ्याचे डोळे जात होते आणि मी सुखात होते, हे वाक्य लिहून बघितलं, खोडायचं नाही असं ठरवलंय.

मग गेल्या वर्षी सुट्टीत तू आलास. तुझ्या नजरेतून ते सुटलं नाही. बाबांकडून चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला गेला, फुटला, आणि बाबा म्हणाले टेबल हललं. त्या दिवशी तू मला पडवीत गाठलंस आणि म्हणालास, आई, बाबांना नीट दिसत नाही, सायकल काढून टाकू या. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी तुला सायकलीपाशी नेलं आणि म्हटलं, दिसत नसतं तर कुठे तरी धडकले नसते का? बघ, कुठे एक ओरखडा आहे का. तू खाली बसून दांडीवरून हात फिरवलास, चिमटा बघितलास, मूठ बघितलीस. हसून म्हणालास, कमाल आहे, नव्याकोऱ्या सायकलीसारखी आहे. आणि विषय मिटला. तू माझ्या शब्दावर नाही, माझ्या रंगावर विश्वास ठेवलास. तुझा त्यात काही दोष नाही. ते बघून कुणीही ठेवला असता.

त्यानंतर चौथ्या महिन्यातली गोष्ट. कोपऱ्यावरच्या शिवणकाकू तुला माहीतच आहेत, तुझ्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच शिवल्या. त्या दिवशी सकाळी शाळेच्या निळ्या गणवेशांचं गाठोडं घेऊन त्या दुकानाच्या पायरीवरून उतरत होत्या. बाबा वळणावरून आले. काकू त्यांच्या डाव्या हाताला होत्या. मुठीचा दणका बसून काकू पायरीवर पडल्या, आणि बाबा तसेच पुढे जाऊन दिव्याच्या खांबावर आदळले. तोल सावरला, सायकल उभी केली, आणि घरी आले. मला म्हणाले, कोपऱ्यावर कुणीतरी पोतं टाकून ठेवलंय, त्याला लागून खांबावर गेलो. मी सायकल आत घेतली. डाव्या मुठीच्या फटीत निळा धागा अडकलेला होता. मी तो ओढून काढला आणि चुलीत टाकला. तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं, तरी टाकला.

बारा वाजेपर्यंत गल्लीभर झालं होतं. काकूंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. त्या पालथ्या पडल्या होत्या, त्यांना नुसतं सायकलीचं चाक दिसलं. आणि लोक धावले तेव्हा तिथे सायकलवाला एकच होता, आपला मिशीवाला पेपरवाला. तो काकूंना उचलायला थांबला होता. थांबला म्हणून सापडला. लोकांनी त्याची कॉलर धरली, एकाने थोबाडीतही मारली म्हणे. तो शेवटपर्यंत सांगत राहिला की मी नव्हतो, एक म्हातारा माणूस होता, तो गेला. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आपल्या भागात नवा माणूस पेपर टाकायला लागला.

त्या दुपारी मी पडवीचं दार आतून लावून घेतलं. जे काम तीन दिवस घेऊन करायचं ते मी एका दुपारी केलं. खोलीतला पंखा बाहेर आणून रंग वाळवला. मूठ, चिमटा, मडगार्डाची कड, पुढची दांडी, सगळं. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम केलेलं नाही. संध्याकाळी सायकल दारात उभी केली तेव्हा दिव्याच्या उजेडात ती अशी झळकत होती की शेजारची थांबून म्हणाली, वहिनी, नवी घेतलीत की काय. रात्री जेवताना बाबांनी काकूंबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सकाळी मी रोजच्यासारखी सायकल पायरीखाली उतरवून ठेवली. ते क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि निघाले. असे अकरा दिवस गेले. दहाला घरी यायचे, भाजी ठेवायचे आणि गप्प बसायचे. माझा अर्धा तास पहिल्याच दिवशी संपला होता. पोलिसात कुणी गेलं नव्हतं, कुणी आमच्या दारात आलं नव्हतं, तरी दार वाजलं की माझा जीव टांगणीला लागायचा.

बाराव्या दिवशी दुपारी मी पडवीत मुठीला पॉलिश करत होते, काहीच कारण नसताना. बाबा झोपले असं मला वाटलं होतं. ते येऊन माझ्यामागे चौरंगावर बसले. मग हात पुढे करून त्यांनी सायकल चाचपली आणि चिमट्यावरच्या एका जागी बोट ठेवून म्हणाले, इथे वाचनालयाचं फाटक. मग मुठीपाशी, इथे शाळेची भिंत. एकेक करत त्यांनी सात-आठ जागा दाखवल्या. नवा रंग कितीही वाळला तरी बोटाला जुन्यापेक्षा गुळगुळीत लागतो, नोकरीला लागल्यापासून मी हिला हात लावतोय, मला कळणार नाही होय, असं म्हणाले. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “मला कधीच सोडायची होती गं. भीती वाटायची. पण तू दर वेळी इतक्या मनापासून नीट करून दारात लावायचीस. मला वाटलं, मी सायकलीवरून हिंडावं अशी तुझी इच्छा आहे.”

टिल्लू, बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांच्या इच्छेचा असा अंदाज बांधत आलो आणि विचारलं मात्र नाही. मी त्यांच्यासाठी करत होते, ते माझ्यासाठी निघत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये एका बाईचं मनगट मोडलं. मी ते पोत्याचं काढलं. ते मान खाली घालून म्हणाले, “पोतं ओरडत नाही.” म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. पडल्यापडल्या काकू किंचाळल्या होत्या, ते ऐकून त्यांनी सायकल उचलली होती आणि घर गाठलं होतं. गेले अकरा दिवस ते कोपरा वळेपर्यंत तेवढे सायकलीवर बसायचे. मग उतरून हातात धरून चालायचे. वाचनालयात गेलेच नव्हते. नदीकडेच्या बाकावर बसून राहायचे आणि दहाला परत.

त्याच संध्याकाळी आम्ही काकूंकडे गेलो. दिवे लागायच्या आत, गल्लीने बघावं म्हणून. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर. काकूंच्या खोलीत मशीनवर चादर टाकलेली होती आणि गणवेशांचं ते गाठोडं तसंच कोपऱ्यात पडून. त्यांचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बसा म्हणाल्या. बाबा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, तो पेपरवाला नव्हता, मी होतो. काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “माझं ओरडणं ऐकलं होतंत?” बाबा हो म्हणाले. काकू म्हणाल्या, “दिसलं नाही म्हणाला असतात तर मी समजून घेतलं असतं. ऐकून गेलात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही?” मी म्हटलं, मी रंग लावला. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. जा आता, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाते. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या, बसा म्हणाल्या नाहीत, पण दार लावलंही नाही. मी बसले आणि गणवेशांची काजं-बटणं करायला घेतली. मी रंगातली, शिवण मला येत नाही. त्यांनी माझी उसवायला लावली, परत करायला लावली. प्लास्टर निघालं, पण मनगट वळत नाही. कापड सरळ कापता येत नाही त्यांना. आता कापून देणारी एक बाई ठेवलीय, बाकीचं हातशिवणीचं मी करते. सात महिने झाले. हे असं धरा, इथे टीप घाला, यापलीकडे त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. माफ केलंय का ते मी विचारलेलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही वाटत नाही.

बाबांनी किराणावाल्याला सांगितलं, वाचनालयात सांगितलं, पुलाच्या कठड्यावर जाऊन सांगितलं. आणि ज्या लोकांनी पेपरवाल्याची कॉलर धरली होती तेच म्हणाले, जाऊ द्या हो काका, वयच आहे, होतं असं. बाबा घरी येऊन भिंतीला टेकले आणि म्हणाले, त्याला मारलं आणि मला खुर्ची दिली. आम्ही पेपरच्या एजन्सीत गेलो, तिथल्या माणसाने वही चाळली आणि सांगितलं की तो काम सोडून गेला, घरही बदललं, पत्ता नाही. बाबांनी त्या माणसाला चिठ्ठी लिहून दिली, कधी भेटला तर द्या म्हणून. ती त्याच्या टेबलाच्या काचेखाली अजून तशीच आहे. दर महिन्याला मी बघून येते. बाबा तेव्हापासून बाहेर पडत नाहीत. डावा डोळा पुरता गेला, उजव्याने समोरचं थोडं दिसतं. तू फोनवर विचारतोस तेव्हा ते मजेत आहे म्हणतात, तो तुझ्यासाठी काढलेला आवाज असतो.

हे सगळं तुला आज का सांगतेय ते आता लिहिते. वर एक गोष्ट मी गाळली. खांबाला धडक बसली त्या दिवशी हँडलच्या नळीला खालची दांडी जिथे जोडलेली असते, तिथे रंगाला आडवी सुरकुती पडली होती, केसाएवढी. कारखान्यात अशी सुरकुती दिसली तर ती सायकल माझ्या टेबलावर यायचीच नाही, थेट भंगारात जायची. कारण रंग आपणहून सुरकुतत नाही, खालची नळी दबलेली असते, आणि दबलेली नळी एक दिवस चालवता चालवता मोडते. मला हे झोपेतही सांगता आलं असतं. तरी मी त्यात लांबी भरली, घासली, रंगवली, आणि सकाळी ती सायकल माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. खरं कारण सांगावं लागू नये म्हणून मी त्यांना अकरा दिवस तिच्यावर पाठवलं. ते भ्याले आणि उतरून चालले म्हणून वाचले, माझ्यामुळे नाही. बाराव्या दिवशी दुपारी एकेक जागा चाचपताना तेवढ्याच जागेवरून त्यांचं बोट नुसतं घसरत गेलं आणि खालची दबलेली नळी त्यांना जाणवली नाही. मी गप्प राहिले. म्हणूनच परवा त्यांनी तुझ्या भिंगरीला फोनवर सांगितलं की आजोबांची सायकल आता तुझी, आजीने काचेसारखी ठेवलीय. पोर आनंदाने किंचाळलेली मला स्वयंपाकघरात ऐकू आली. आणि तू म्हणालास, रविवारी टेम्पो पाठवतो. तुझा टेम्पो पाठवू नकोस. सायकल मोडली म्हणून नुसतं कळवलं असतं तर तू म्हणाला असतास, मी स्वतः बघितलीय, काही झालेलं नाही, दुरुस्त करून घेईन. म्हणून सगळं लिहिलं. काल मी त्या जागेवरचा रंग आणि लांबी खरवडून काढली, आता कुणालाही दिसेल. सोमवारी भंगारवाला दांडी कापून नेईल, कापताना मी समोर उभी राहणार आहे. भिंगरीला दुसरी घे, तिच्या उंचीची, आणि ती पडली तर ओरखडा तसाच राहू दे, निदान तुला दिसेल तरी ती कुठे पडली ते. बाबांना हे माहीत नाही. पत्र पेटीत टाकून आले की त्यांचा हात धरून पडवीत नेणार आहे आणि त्यांचं बोट त्या जागेवर ठेवणार आहे. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, तर तू मध्ये पडू नकोस.

तुझीच,
आई